हातातली नोकरी आणि दारातली संधी

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात यंदा दिवाळीच्या फराळापेक्षा एका कागदाचीच चर्चा जास्त रंगली. थोरली मुलगी बंगळूरहून चार दिवसांच्या सुट्टीवर आली होती. वय सत्तावीस, शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचे. एका नावाजलेल्या परदेशी सॉफ्टवेअर कंपनीत ती नोकरी करत होती. वर्षाला चोवीस लाखांचे पॅकेज, दारापर्यंत बस, आई-वडिलांचाही आरोग्य विमा. आणि तिच्या बॅगेत होते दुसऱ्याच एका कंपनीचे नेमणूकपत्र. ती कंपनी तीन वर्षांपूर्वी सुरू झालेली, माणसे जेमतेम पंचेचाळीस. पॅकेज वीस लाख आणि त्याशिवाय कंपनीचे चार हजार शेअर घेण्याचा हक्क.

"अगं, लोक अशा कंपनीत शिरायला धडपडतात आणि तू बाहेर पडायला निघालीस?" आईने चकल्यांचा डबा पुढे सरकवत विचारले.

"आई, तिथे मी एका मोठ्या यंत्राचा एक स्क्रू घट्ट करते. इथे आख्खं यंत्र जुळवायला मिळेल," मुलगी म्हणाली.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. आयुष्यभर कारखान्याच्या हिशेब विभागात काम केलेला माणूस. कागद वाचल्याशिवाय मत द्यायचे नाही ही जुनी सवय.

आज देशातल्या हजारो घरांत थोड्याफार फरकाने हाच प्रसंग घडतो आहे. इंदूर असो की हैदराबाद, नागपूर असो की नोएडा, मुलाच्या किंवा मुलीच्या एका हातात मोठ्या कंपनीची नोकरी असते आणि दुसऱ्या हातात स्टार्टअपचे बोलावणे. घरातली वडील मंडळी म्हणतात, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. मुले म्हणतात, आता नाही तर कधी? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते. म्हणूनच हा प्रश्न धाडसाचा किंवा भित्रेपणाचा न मानता हिशेबाचा मानला, तर तो पुष्कळ सोपा होतो.

मोठी कंपनी म्हणजे वटवृक्ष?

मोठ्या कंपनीत पगार ठरलेल्या तारखेला होतो. कामाची शिस्त असते, शिकवायला अनुभवी माणसे असतात, आणि पुढे कुठेही अर्ज केला तरी त्या नावाला वजन असते. गृहकर्ज देणारी बँकसुद्धा अशा कंपनीची पगारपत्रिका पाहून लवकर होकार देते. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलाला पहिली दोन-तीन वर्षे अशा ठिकाणी मिळाली, तर त्याच्या कामाला वळण लागते.

परंतु 'मोठी' म्हणजे 'कायमची' हे समीकरण आता राहिलेले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने सुमारे अकरा हजार लोकांना घरी पाठवले. जानेवारी २०२३ या एकाच महिन्यात गुगलने बारा हजार, मायक्रोसॉफ्टने दहा हजार आणि ॲमेझॉनने अठरा हजारांहून अधिक जागा कमी करण्याचे जाहीर केले. जुलै २०२५ मध्ये आपल्याकडच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनेही जवळजवळ दोन टक्के, म्हणजे सुमारे बारा हजार नोकऱ्या कमी होणार असल्याचे सांगितले. ज्या कंपनीत एकदा चिकटले की चिंता मिटली असे पालक मानत, तिथलीच ही बातमी होती.

दुसरी गोष्ट वाढीची. मोठ्या सेवा-कंपन्यांत नवख्या इंजिनिअरला वर्षाला मिळणारा साडेतीन लाखांच्या आसपासचा पगार दहा-बारा वर्षांत फारसा हललेला नाही. महागाई मात्र हलली. शिवाय काम इतक्या तुकड्यांत वाटलेले असते, की पाच वर्षांनंतरही आपण नेमके काय बनवले हे घरच्यांना सांगता येत नाही. वटवृक्षाची सावली मोठी खरी. पण त्या सावलीत दुसरे रोप फारसे वाढत नाही, हेही तितकेच खरे.

नवी कंपनी म्हणजे जुगार?

स्टार्टअप हा शब्द नवा, पण गोष्ट जुनी आहे. १९८१ साली पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स ही त्या काळची नावाजलेली कंपनी सोडून सात इंजिनिअरांनी पुण्यात एक लहानशी कंपनी काढली. सुधा मूर्ती यांनी साठवलेले दहा हजार रुपये हे तिचे भांडवल. तीच आजची इन्फोसिस. पण या गोष्टीतला दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. त्याआधी नारायण मूर्ती यांनी काढलेली सॉफ्ट्रॉनिक्स नावाची कंपनी सुमारे दीड वर्षात बंद पडली होती. सातांपैकी एक संस्थापक १९८९ मध्ये बाहेर पडले. आणि १९९३ मध्ये इन्फोसिस शेअर बाजारात आली, तेव्हा ९५ रुपयांना देऊ केलेल्या शेअरला पुरेसे गिऱ्हाईकही मिळाले नव्हते. म्हणजे यशाला एक तपाहून जास्त काळ लागला आणि तोवर रस्ता खडकाळच होता.

अलीकडची उदाहरणेही अशीच दोन्ही बाजूंची आहेत. सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल हे दोघे ॲमेझॉनची नोकरी सोडून निघाले आणि २००७ मध्ये बंगळूरला पुस्तके विकण्यापासून त्यांनी फ्लिपकार्टची सुरुवात केली. २०१८ मध्ये वॉलमार्टने सोळा अब्ज डॉलर मोजून तिचा ७७ टक्के हिस्सा घेतला. चेन्नईत सुरू झालेली फ्रेशवर्क्स ही कंपनी सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात नोंदली गेली, तेव्हा तिच्या पाचशेहून अधिक कर्मचाऱ्यांकडच्या शेअरची किंमत एक कोटी रुपयांच्या वर गेली. त्यांतले सुमारे सत्तर जण तर तिशीच्या आतले होते.

आणि दुसरी बाजू? शिकवणीच्या क्षेत्रातल्या बायजूजची किंमत २०२२ मध्ये बावीस अब्ज डॉलर धरली जात होती. जुलै २०२४ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. मधल्या काळात हजारो जणांच्या नोकऱ्या गेल्या, पगार रखडले. ज्यांनी रोख पगाराऐवजी शेअरच्या आशेवर दिवस काढले, त्यांच्या हाती कागद उरले.

यातून एवढेच समजायचे, की वर्तमानपत्रात यशाची एक गोष्ट छापून येते तेव्हा न छापल्या गेलेल्या अनेक गोष्टी तिच्या मागे असतात. स्टार्टअपला जुगार म्हणणे चुकीचे, आणि लॉटरीचे तिकीट समजणे त्याहून चुकीचे.

चार हजार शेअरचे गणित

बाबांनी कागद वाचून संपवला आणि पहिला प्रश्न विचारला, "हे चार हजार शेअर आजच तुझ्या नावावर होणार का?"

"नाही बाबा. चार वर्षांत थोडे थोडे. पहिले वर्ष पूर्ण झाल्याशिवाय एकही नाही."

कर्मचाऱ्यांना शेअर घेण्याचा जो हक्क दिला जातो त्याला ईसॉप म्हणतात. भारतीय कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणे हक्क दिल्यापासून तो प्रत्यक्ष मिळेपर्यंत किमान एक वर्ष जावेच लागते. पुढचे टप्पे कंपनी ठरवते. बहुतेक ठिकाणी चार वर्षांची मुदत असते. वर्ष पुरे होण्याआधी नोकरी सुटली, तर हाती काहीच येत नाही.

यापुढचे गणित अनेकांना ठाऊक नसते. समजा, करारात एका शेअरची किंमत दहा रुपये ठरली आहे आणि चार वर्षांनी त्याची रास्त किंमत दोनशे रुपये झाली. चार हजार शेअर घ्यायला चाळीस हजार रुपये लागतील. इथवर ठीक. पण दर शेअरमागे १९० रुपयांचा जो फायदा दिसतो, म्हणजे एकूण सात लाख साठ हजार, तो पगारातील उत्पन्न समजून त्यावर आयकर लागतो. तीस टक्क्यांच्या पायरीत असणाऱ्याला उपकर धरून जवळजवळ दोन लाख सदतीस हजार रुपये भरावे लागतील. आणि हे सगळे कधी? एकही शेअर विकण्याआधी! शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचा शेअर विकायला गिऱ्हाईकही सहजी मिळत नाही. सरकारी मंडळाचे विशेष प्रमाणपत्र मिळालेल्या स्टार्टअपमधल्या नोकरदारांना २०२० पासून हा कर काही वर्षे पुढे ढकलता येतो. पण शेअर विकले किंवा नोकरी सोडली की तो भरावाच लागतो. आणि असे प्रमाणपत्र प्रत्येक स्टार्टअपकडे नसते.

शिवाय कंपनी विकली गेली तर आलेल्या पैशांतून आधी मोठ्या गुंतवणूकदारांचा वाटा द्यायचा, अशी अट बहुधा असते. थोडक्या किमतीत विक्री झाली तर कर्मचाऱ्यांच्या पानात काही पडतेच असे नाही. म्हणून जाणकारांचा साधा सल्ला असा : ईसॉपची किंमत शून्य धरून पगार घरखर्चाला पुरतो का ते पाहावे. पुरत असेल तर पुढे मिळेल तो वरचा लाभ. पुरत नसेल तर कागदावरच्या लाखांनी दूधवाल्याचे बिल भागत नाही.

घराचा हिशेब आधी

"पगार चार लाखांनी कमी, ते एकवेळ चालेल," बाबा म्हणाले, "पण माझ्या विम्याचं काय?"

दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. त्याचे बिल मुलीच्या कंपनीच्या सामूहिक विम्यातून भागले होते. नव्या कंपनीचा विमा होता, पण तो फक्त कर्मचाऱ्यापुरता. आतापर्यंत बोलणारी मुलगी क्षणभर गप्प झाली. या ओळीकडे तिचे लक्षच गेले नव्हते.

मोठ्या कंपनीच्या सामूहिक विम्यात जुन्या आजारांनाही बहुधा पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. बाहेर स्वतंत्र पॉलिसी घ्यायची तर आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबावे लागते. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये ही मुदत जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. तरी तीन वर्षे हा हृदयरोग्यासाठी लहान काळ नाही. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदली मिळावी यासाठी अर्ज करता येतो. विमा कंपनी तब्येत पाहून निर्णय घेते, त्यामुळे होकार मिळेलच असे नाही; पण हा अर्ज नोकरी सुटण्याच्या बऱ्याच आधी केलेला बरा. शेवटच्या दिवशी आठवण होऊन उपयोग नसतो.

विम्यानंतर पाळी येते हप्त्यांची. या घरावर कर्ज होते आणि दरमहा बत्तीस हजारांचा हप्ता मुलीच्या खात्यातून जात होता. धाकटा भाऊ कॉलेजात. अशा घरातल्या मिळवत्या व्यक्तीने नव्या कंपनीत जाण्याआधी निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बँकेत बाजूला ठेवलेले असावेत. ज्याच्यावर कसलीच जबाबदारी नाही, त्याला तीन महिन्यांची शिल्लकही चालेल. ज्याच्या एकट्याच्या पगारावर पाच माणसे आहेत, त्याने वर्षाची तयारी केली तरी ती जास्त म्हणता येणार नाही.

मग प्रॉव्हिडंट फंड. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला तो लागू होतो. जुने खाते नव्या कंपनीत वर्ग करून घेता येते. ते मोडून पैसे काढण्याचा मोह टाळावा. नव्या कंपनीत रुजू झाल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी आपल्या पीएफ पासबुकात रक्कम जमा होते की नाही, हे पाहात जावे. पगारातून कापलेला पैसा खात्यात पोचत नसेल तर कंपनीची तब्येत बिघडल्याची ती पहिली खूण असते. मुलींनी आणखी एक चौकशी करावी. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा देणे २०१७ पासून बंधनकारक आहे. कंपनी नवी आहे, लहान आहे, ही सबब त्याला चालत नाही.

ग्रॅच्युइटीचा महिना

रात्री जेवणे झाल्यावर बाबांनी पुन्हा कागद काढला. "तू तिथे रुजू कधी झालीस?"

मुलीने तारीख सांगितली. बाबांनी बोटांवर मोजले. चार वर्षे आणि आठ महिने. नोटिशीचा काळ तीन महिन्यांचा. उद्या राजीनामा दिला तर सुटका होईल ती चार वर्षे अकरा महिन्यांनी.

"आणि ग्रॅच्युइटी मिळते पाच वर्षं भरली की," बाबा म्हणाले. "एका महिन्यासाठी किती सोडते आहेस, काढ बरं."

हिशेब सोपा होता. कायम नोकरीत पाच वर्षे पूर्ण केलेल्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो. महिना सव्वीस दिवसांचा धरतात. तिचा मूळ पगार दरमहा एक लाख. एक लाख गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले पाच. उत्तर आले दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजारांच्या वर. घराचे नऊ हप्ते! आणि ही रक्कम ती केवळ एका महिन्याच्या घाईपायी सोडून देणार होती.

नोकरी बदलणाऱ्यांनी ही गोष्ट गाठीशी बांधून ठेवावी. रुजू होण्याची तारीख ही दगडावरची रेघ नसते. ज्या कंपनीला माणूस खरोखरच हवा असतो, ती महिनाभर थांबते. आणि विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

कंपनीचीही मुलाखत घ्या

मुलाखतीत उमेदवाराला प्रश्न विचारायचे असतात, ही आपली जुनी समजूत. स्टार्टअपच्या बाबतीत उमेदवारानेही विचारायला हवे. आज बँकेत आहे त्या पैशांत कंपनी किती महिने पगार देऊ शकेल? उत्पन्न गिऱ्हाइकांकडून येते की फक्त गुंतवणूकदारांकडून? गेल्या वर्षात पगार कधी उशिरा झाला का? किती जण सोडून गेले आणि का? ईसॉपची लेखी योजना पाहायला मिळेल का? नोकरी सोडल्यावर मिळालेले शेअर विकत घ्यायला किती दिवस मिळतात? काही ठिकाणी ही मुदत अवघी तीन महिन्यांची असते, आणि ती टळली की हक्क बुडतो.

जी कंपनी या प्रश्नांची सरळ उत्तरे देते, तिच्यावर निम्मा भरवसा तिथेच बसतो. जी म्हणते, "तुमचा आमच्या स्वप्नावर विश्वास नाही का?", तिच्यापासून चार हात दूर राहिलेले बरे. याखेरीज कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून कोणत्याही नोंदणीकृत कंपनीचे ताळेबंद पाहता येतात. लग्नाच्या स्थळाची आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. रोजचे दहा तास जिथे घालवायचे, तिथली एक चौकशी करायला काय हरकत आहे?

हे प्रश्न मोठ्या कंपनीलाही थोड्याफार फरकाने लागू पडतात. चोवीस लाखांच्या पॅकेजमध्ये हातात येणारे किती, कामगिरीवर अवलंबून किती, कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरून आकडा फुगवला आहे का, हे पाहायलाच हवे. कोणत्या विभागात घेणार आणि काम काय देणार, हेही विचारावे. नाव मोठे आणि काम कंटाळवाणे, असे झाले तर दोन वर्षांनी हाती अनुभवाचे दाखलेच तेवढे उरतात.

शेवटी वय आणि स्वभाव यांचाही विचार हवा. नवशिक्याला हात धरून शिकवणारे कोणी नसेल, तर स्टार्टअपमध्ये तो गांगरतो. तीन-चार वर्षांचा अनुभव असलेल्याला मात्र तिथे दोन वर्षांत पाच वर्षांचे शिकायला मिळू शकते. ज्याला ठरलेले काम ठरलेल्या वेळात नीट करायला आवडते, त्याने मोठ्या कंपनीत राहण्यात काहीच कमीपणा नाही. आणि ज्याला रोज नवी अडचण आल्याशिवाय करमत नाही, त्याला तिथे बळेच बसवण्यात शहाणपण नाही.

"आमचीही कंपनी मोठीच होती"

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुलीने नव्या कंपनीला फोन केला. महिनाभर उशिरा रुजू होण्याची परवानगी मागितली. ती लगेच मिळाली. आई-वडिलांच्या विम्याचे विचारल्यावर, हप्त्याचा अर्धा भार कर्मचाऱ्याने उचलला तर त्यांनाही सामूहिक विम्यात जुन्या आजारासह घेऊ, असे उत्तर आले. ते तिने ई-मेलवर लिहून मागितले. अठरा महिने पुरतील एवढे पैसे बँकेत आहेत, हेही कंपनीने सांगितले. पगार वाढवून मागितला, तो मात्र मिळाला नाही.

आईची समजूत पूर्णपणे पटली नव्हती. "पण अठरा महिन्यांनी काय?" तिने विचारले.

यावर बाबाच बोलले. "आमचीही कंपनी मोठीच होती. पाच हजार माणसं होती. बायका सांगायच्या, मुलगा त्या कंपनीत आहे म्हणजे डोळे मिटून मुलगी द्या. मग एक दिवस स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला. पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसलो, तेव्हा कळलं की कंपनी मोठी होती, पण मला तिथलंच एक काम येत होतं. हिला चार कामं येत असली, तर अठरा महिन्यांनी हिची चिंता मला कमी राहील."

आई काही वेळ गप्प राहिली. मग उठून आत गेली आणि उरलेल्या चकल्या मुलीच्या डब्यात भरू लागली. "निदान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढून ठेव हं," तिने आतूनच सांगितले.

"काढते गं आई. त्यासाठी यंदा गाडी घेणं रद्द," मुलगी म्हणाली.

राजीनामा लिहायला ती बसली, तेव्हा बाबांनी कॅलेंडर काढून पाच वर्षे पूर्ण होण्याच्या तारखेपुढे दोन दिवस सोडून तिसऱ्या दिवसावर लाल पेन्सिलने खूण केली. "शेवटचा दिवस हा लिही," ते म्हणाले. "दोन दिवस जास्तच बरे."